मेणवलीचा वाडा : लाकडी सांगाड्याचे घर

परिषदांच्या निमित्ताने जर्मनीस जाऊन आलेले आपले सहव्यावसायिक तेथील जुन्या शेतघरांची छायाचित्रे हौसेने दाखवितात. काळसर लाकडी चौकटी आणि त्यांत भरलेल्या पांढऱ्या भिंती. भार लाकडाने वाहावयाचा, माती-विटेने केवळ मधली जागा भरावयाची, हे त्या बांधणीचे तत्त्व. मात्र त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. वाईजवळ, कृष्णाकाठच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा याच तत्त्वावर उभा आहे.

१७६८ मध्ये हे गाव नानांना इनाम मिळाले. पुढे त्यांनी येथे सहा चौकांचा वाडा, मेणेश्वराचे देऊळ आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधविला. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली एक पोर्तुगीज घंटाही येथेच आहे. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटात हा घाट अनेकांनी नकळत पाहिला असेल. नानांच्या पश्चात, कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या जिऊबाई याच वाड्यात राहिल्या. बालरोगतज्ज्ञाच्या मनातून ही नोंद सहजी जात नाही.

वाड्याची रचना पाहण्याजोगी आहे. खाली दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. तळखड्यामुळे खांबाचा पाय जमिनीच्या ओलीपासून दूर राहतो. अस्थी आणि स्नायू यांची ही वाटणी आपल्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झोपलेल्या माणसांना गाडले ते मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींनी. जेथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती ढासळूनही कित्येक सांगाडे उभे राहिले.

आपल्या ग्वाल्हेरचे नानांशी नाते मात्र फारसे गोड नाही. १७९७ च्या अखेरीस त्यांना कैद केले ते दौलतराव शिंद्यांनीच. त्याच दौलतरावांच्या छावणीतून १८१० मध्ये आपले लष्कर वसले. येथे दगड मुबलक, म्हणून दर्शनी भाग कोरीव दगडाचा आणि छत पटियांचे झाले. चौक, ओसरी, माजघर, देवघर ही मांडणी मात्र दक्षिणेकडूनच आली.

जयेंद्रगंज आणि आसपासच्या ज्या जुन्या घरांत आजही लाकडी खांब-तुळया आहेत, त्यांच्या मालकांना एक सांगावेसे वाटते. डागडुजीसाठी सिमेंटचा गिलावा करू नये. चुना आणि माती ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडते. मग वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीत खांब कुजत जातो आणि वाळवीचे फावते. तपासणीची रीत आपल्या हातातलीच आहे. छाती ठोकून पाहतो तसा खांब लहान हातोडीने ठोकून पाहावा. भरीव लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. सुरुवात पायथ्याच्या हातभर उंचीपासून करावी, कारण ओल बहुधा तेथूनच चढते.