ऑक्सिजनवरच्या आजोबांना म्हसळ्याला नेताना

गणपतीला आजोबांना गावी न्यायचं आहे, पण ते ऑक्सिजनवर आहेत. अशा वेळी आपण प्रवास किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजावा. सणाच्या गर्दीत वाटेतलं माणगाव किती वाजता येईल, हे आपल्या हातात नसतं.

आधी डॉक्टरांना भेटावं. प्रवास झेपेल का, मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा आणि ऑक्सिमीटरचा आकडा किती राहिला पाहिजे, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. माणगावपर्यंत रेल्वेने जाणार असाल, तर सिलिंडरसोबत हीच चिठ्ठी लागते.

मग हिशोब. दहा लिटरच्या सिलिंडरवर काटा १५० बारवर असेल, तर १० गुणिले १५०, म्हणजे साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटर लागत असेल, तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. काटा ६० वर असेल, तर जेमतेम पाच तास. चूक इथेच होते : दुकानदार ‘भरलेला आहे’ म्हणतो आणि आपण काटा बघतच नाही. लागेल त्याच्या दुप्पट सोबत घ्यावा. औषधाच्या दुकानातल्या दहा लिटरच्या कॅनवर विसंबू नये. तो पाच मिनिटांत संपतो.

रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करून ऑक्सिजन बेताने सोडणारं यंत्र, घरीच बसवून बघावं. सिलिंडर उघडायची चावी नेमकी घरी राहते. ती दोरीने सिलिंडरलाच बांधून टाकावी. जोडाला तेल किंवा व्हॅसलिन लावू नये, पेट घेऊ शकतं.

गाडीत सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधावा, काच थोडी उघडी ठेवावी, विडी-सिगारेट कुणीच ओढू नये. ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बुडबुड्यांची बाटली अर्धीच भरावी. घोणसे घाटाच्या वळणांवर ती कलंडली की पाणी नळीत शिरतं.

दम लागला म्हणून आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवू नये. फुफ्फुसांच्या काही जुनाट आजारांत जास्त ऑक्सिजनने गुंगी येऊ शकते. आधी नळी दुमडली आहे का ते बघावं, बोट गरम करून ऑक्सिमीटरचा आकडा पुन्हा घ्यावा.

घरातलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, विजेवर चालतं. म्हसळ्यात पावसात वीज गेली तर भरलेला सिलिंडर उशाशी हवा.

वाटेत तब्येत बिघडलीच, तर १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत असते.