खेळतोय की खेळाचं शिकतोय?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. ‘सर, पोरगं स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणतंय. आता यानं बॅट आठवीतच टाकली. शाळेच्या संघातसुद्धा नव्हता. तिथं याला घेतील का?’ मागून पोराचा आवाज येतो, ‘बाबा, तिथं खेळायचं नसतं.’ पोराचं बरोबर असतं. पण ‘मग तिथं काय करायचं असतं?’ असं त्यालाच विचारलं, तर तोही आयपीएलपाशी येऊन अडखळतो.

गोंधळाचं मूळ असं की तीन वेगळ्या वाटांना आपण एकच पाटी लावून ठेवली आहे. शाळेत पीटीचे सर किंवा मॅडम व्हायचं असेल तर बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी महाराष्ट्राला अशा शिक्षकांच्या पिढ्या दिल्या. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची एनआयएस, जी १९६१ पासून कोच घडवते आहे. क्रीडा व्यवस्थापन ही तिसरी वाट. तिथं हिशेबशास्त्र, मार्केटिंग, करार कायदा, कार्यक्रमांचं आयोजन, संख्याशास्त्र आणि माणसं सांभाळणं शिकवतात. ही पदवी घेऊन कुणी पीटीचा शिक्षक होत नाही, आणि बी.पी.एड. करून आपोआप लीगच्या ऑफिसात खुर्ची मिळत नाही. स्टेडियमची स्वप्नं घेऊन आलेल्या पोरांपुढे पहिल्या सत्रात ताळेबंद येतो, तेव्हा अर्ध्या वर्गाचे चेहरे बघण्यासारखे होतात.

खेळाडू असल्याचा उपयोग होत नाही असं मात्र नाही. नीलेश कुलकर्णी आठवतो? मुंबईचा उंच डावखुरा फिरकीपटू. १९९७ मध्ये कोलंबोत कसोटी पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर त्यानं मार्वन अटापट्टूला बाद केलं. पुढे श्रीलंकेनं ६ बाद ९५२ धावांचा डोंगर रचला, आणि कुलकर्णीच्या नावापुढे १९५ धावांत तीच एक विकेट राहिली. याच माणसानं २०१० मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही संस्था काढली. पहिल्या चेंडूचं कौतुक आणि त्यानंतरचं दिवसदिवस राबणं, दोन्ही ज्यानं पाहिलं त्यानं हा विषय शिकवायला घ्यावा, हे मला फार चपखल वाटतं. पण त्याच्या वर्गात बसायला कसोटी खेळलेलं असावं लागत नाही.

‘हे सगळं आयपीएलनंतरचं खूळ’

विषय म्हणून याचं वय पन्नाशीच्या बरंच पुढे गेलं आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. मैदानांचा, संघांचा कारभार बघायला शिकलेली माणसं कुठून आणायची, विद्यापीठं ती का तयार करत नाहीत, असा त्याचा आशय. गंमत अशी की त्याच वर्षी ओमॅलींनी संघ ब्रुकलिनहून उचलून लॉस एंजेलिसला नेण्याचं जाहीर केलं आणि अख्ख्या ब्रुकलिनचे शिव्याशाप घेतले. पत्राचं फळ १९६६ मध्ये आलं. ओहायो विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्याकडे पदवी उशिरा आली, काम नाही. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले, म्हणजे कुणीतरी बसून पाटी किती लांब आणि डाव किती मिनिटांचा हे ठरवलं. त्याच जिमखान्याच्या १९१९ च्या शर्यतींत अनवाणी धावणारी मुलं पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्याशी बोलणी, पैशांची जमवाजमव, निवड, बोटीचा प्रवास हे सगळं पार पडलं आणि १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा संघ उतरला. खाशाबा जाधवांची गोष्ट तर घरोघरी ठाऊक आहे. १९५२ च्या हेलसिंकीसाठी गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो. क्रीडा व्यवस्थापनाच्या वर्गात तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात: स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका शिक्षकाच्या घराच्या कागदपत्रांवर अवलंबून होतं, याचा अर्थ पैसे पोचवणारी यंत्रणाच नव्हती. अशी यंत्रणा कशी उभी करायची, हा त्या वर्गातला प्रश्न.

‘आयपीएलमध्ये एवढा पैसा, म्हणजे नोकऱ्याच नोकऱ्या’

पैसा आहे, यात वाद नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क २०२२ च्या लिलावात ४८,३९० कोटी रुपयांना गेले. पण हा पैसा येतो दाखवण्याच्या हक्कांतून, आणि तो क्रिकेट मंडळ आणि संघांमध्ये वाटला जातो. संघ आपल्या वाट्यातून खेळाडू विकत घेतात. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला त्यावर १२० कोटींपर्यंत खर्च करायची मुभा होती. त्यानंतर उरतं ते ऑफिस. दोन महिन्यांच्या हंगामाचं बारमाही ऑफिस किती मोठं असणार? मार्च जवळ आला की माणसं कंत्राटावर वाढतात, जूनमध्ये घरी जातात. बायोडेटावर ‘आयपीएल’ लिहिणारे बहुतेक जण या दोन महिन्यांतले. त्यात कमीपणा नाही, पण घरच्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

आणि ते काम कसलं असतं? टीव्हीवर दिसत नाही असलं. कुणाच्या गळ्यात कुठल्या रंगाचा पास, तो पास कुठल्या दारापर्यंत चालतो, प्रायोजकाच्या पाहुण्यांच्या बसेस कुठं लावायच्या, गेट क्रमांक चारचं स्कॅनर बंद पडलं तर रांग कुठं वळवायची, पाण्याच्या बाटल्या आत न्यायच्या की नाही, पाऊस आला तर सामन्याच्या तिकिटांचं काय. हेच आपण हसण्यावारी नेतो. मुंबईकरांनी तरी नेऊ नये. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या सामन्यांत मुंबई क्रिकेट संघटनेच्या वाट्याला जागा किती, यावरून वर्षानुवर्षं कुरबुर चालली. शेवटी शेषराव वानखेडे यांनी वेगळं मैदानच बांधायला घेतलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं आख्खं स्टेडियम! कारण काय, तर तिकिटं. ‘तिकिटांचं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्याला मी हा किस्सा सांगतो.

मैदान बांधणं सोपं, चालवणं अवघड. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. गोव्यानं कितीदा तरी पुढे ढकललेल्या राष्ट्रीय स्पर्धा अखेर २०२३ मध्ये घेतल्या. झेंडे उतरल्यावर तरण तलावाच्या पाण्याचं, ट्रॅकच्या दुरुस्तीचं, विजेच्या बिलाचं कोण बघणार? यासाठी शिकलेली माणसं लागतात, आणि माझ्या मते पुढच्या काळात स्थिर नोकऱ्या इथंच अधिक निघतील. पण यावर रील कोण बनवणार!

क्रिकेटच्या पलीकडेही बरंच आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावते आहे. पहाटे रस्ते बंद ठेवायला वाहतूक पोलिसांची परवानगी, ठिकठिकाणी पाणी, रुग्णवाहिका, हजारो बिब आणि टायमिंग चिप यांचा मेळ वर्षभर आधीपासून लावावा लागतो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली. आपल्या गल्लीतल्या कबड्डीला टीव्हीसाठी वेगळं घड्याळ, वेगळी लाइट, मॅटचा रंगसुद्धा विचारपूर्वक निवडावा लागला.

‘प्रायोजक म्हणजे दानशूर माणूस’

मंडळाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देणारे शेठजी हे आपलं प्रायोजकाचं चित्र. वर्गात पहिल्यांदा हेच पुसलं जातं. प्रायोजक काहीतरी विकत घेत असतो: जर्सीवरची जागा, नाव उच्चारलं जाण्याचा हक्क, स्पर्धकाला दूर ठेवण्याचा हक्क. २००३ च्या विश्वचषकाआधी आपले खेळाडू आणि आयसीसी यांच्यात झालेलं भांडण या शेवटच्या हक्कावरूनच होतं. खेळाडूंचे स्वतःचे जाहिरात करार होते, आणि स्पर्धेच्या प्रायोजकांना त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या आसपासही नको होत्या.

देणगी आणि प्रायोजकत्व यांतला फरक कायद्यातही आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ग्रामीण, ऑलिंपिक, पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येतो. पण जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात बसत नाही. तालुक्यातल्या कुस्ती केंद्रासाठी कंपनीकडे जाताना कुठल्या विभागाचं दार वाजवायचं, हे यावरून ठरतं. चुकीचं दार वाजवलं की फाइल फिरत राहते.

प्रायोजक टिकेलच असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, ड्रीम११ भारतीय जर्सीवरून गेलं, आणि आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाविना उतरला.

‘कायदा वकिलांनी बघावा’

हा गैरसमज मला सगळ्यात महाग वाटतो. १५ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या दिवशी, फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. महासंघाची निवडणूक रखडली होती, सर्वोच्च न्यायालयानं कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला होता, आणि फिफाच्या लेखी तो बाहेरचा हस्तक्षेप होता. दोन महिन्यांवर मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक, सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. सगळी तयारी झालेली, आणि यजमानपद टांगणीला. समिती बरखास्त झाली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं, स्पर्धा वाचली. मैदानावर एकाही मुलीची चूक नव्हती.

त्याआधी २०१२ च्या शेवटी भारतीय ऑलिंपिक संघटनाच निलंबित झाली होती, म्हणून २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपले खेळाडू तिरंग्याविना चालले. घटना, निवडणूक, मतदारयादी ही रटाळ प्रकरणं खेळाडूचा झेंडा हिसकावू शकतात. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महासंघांना मान्यता देणारं मंडळ आणि तंटे सोडवणारं न्यायाधिकरण आहे. येत्या काळात जिल्हा संघटनेपासून वरपर्यंत हे समजणारी माणसं शोधली जातील.

परदेशातली पदवी घेतली की सगळं सुटतं असंही समजू नये. फिफा मास्टर हा २००० साली सुरू झालेला अभ्यासक्रम लेस्टर, मिलान आणि न्यूशातेल या तीन शहरांत शिकवतात, नावाजलेला आहे. परंतु परत येऊन ज्यांच्याशी गाठ पडते त्या आपल्या संघटना बहुतेक सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात. जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळसुद्धा कागदोपत्री तामिळनाडूत नोंदलेली एक सोसायटी आहे. सोसायटीची सर्वसाधारण सभा कशी चालते, हे मिलानमध्ये कोण शिकवणार?

फी भरण्याआधी

‘कॉलेजला मान्यता आहे’ हे वाक्य ऐकून सही करू नका. पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठालाच किंवा तत्सम दर्जाच्या संस्थेला असतो. प्रमाणपत्रावर नाव कुणाचं येणार, हे लेखी विचारा. पुण्यात सिम्बायोसिससारख्या विद्यापीठातही हा विषय आहे, खासगी संस्थांचे डिप्लोमाही आहेत; दोन्ही चालतील, पण आपण काय विकत घेतोय ते कळलेलं असावं. इंटर्नशिप नक्की कुणाकडे, किती आठवडे आणि तिथं काम काय, हे विचारा. भिंतीवर लावलेल्या खेळाडूंच्या फोटोंकडे लक्ष देऊ नका. गेल्या बॅचचे पाच फोन नंबर मागा. संस्था देत नसेल, तर तेही उत्तरच.

आणि एक फुकटातली परीक्षा. ज्याच्या वडिलांचा फोन आला होता त्या पोराला मी म्हटलं, प्रवेशाआधी आपल्या तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत चार दिवस काम कर, खुर्च्या मांडण्यापासून. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला त्याचा फोन.

‘सर, दुसऱ्या मैदानाची लाइट गेली. जनरेटर आहे, पण डिझेल कुणी आणायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. सगळे माझ्याकडंच बघतायत.’

मी विचारलं, मग प्रवेशाचं काय ठरलं?

‘ते उद्या सांगतो. आत्ता कॅन घेऊन पंपावर चाललोय.’