अवधानन्यूनता व अध्ययन-अक्षमता, स्वमग्नतेतील
स्वमग्न व्यक्ती अभ्यासात मागे पडल्यास त्यामागे अवधानन्यूनता (चंचलता नसलेला प्रकार) आहे, की वाचन, लेखन वा गणितापुरती विशिष्ट अध्ययन-अक्षमता, याचे निदान अवघड असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेनुसार स्वमग्न व्यक्तीत अवधानन्यूनतेचे वेगळे निदान करता येत नसे; २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हे बंधन काढण्यात आले.

वही दोहोंत अपुरीच राहते; म्हणून चुकांचे स्वरूप पाहावे लागते. अवधानन्यूनतेत चुका अनियमित असतात. आज अचूक लिहिलेला शब्द उद्या चुकतो, काम लांबले की चुका वाढतात आणि लक्ष वेधल्यास मूल त्या स्वतःच सुधारू शकते. अध्ययन-अक्षमतेत मन लावून वाचतानाही, दोनच ओळींत, जोडाक्षरापाशी तीच अडचण पुनःपुन्हा येते. स्वमग्नतेमुळे तिसरी शक्यता संभवते : मूल उतारा अस्खलित वाचते, परंतु त्यातील पात्र असे का वागले, हे त्यास सांगता येत नाही. ही अक्षरवाचनाची अक्षमता नव्हे. आगगाड्यांच्या वेळापत्रकात तासन्‌तास रमणारे मूल पाहून त्याचे अवधान शाबूत आहे, असे पालक व क्वचित शिक्षकही मानतात. ते बरोबर नाही. तिन्ही अवस्था एकत्रही आढळतात.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत, अवधानन्यूनता नाही. त्यामुळे सवलतींसाठी सोयीचे निदान शोधण्याचा मोह होतो. मेथिलफेनिडेटाने लक्ष टिकण्यास मदत होते, पण वाचन शिकवावेच लागते. शिवाय स्वमग्न मुलांत या औषधाचा गुण कमी व दुष्परिणाम अधिक आढळत असल्याने मात्रा अल्प ठेवून सावकाश वाढवितात.