सड्यावरचा नेम : कोकणची बंदूक आणि उडती तबकडी

राष्ट्रीय स्पर्धेचे स्वप्न पाहणाऱ्या भारतीय नेमबाजाच्या वाटेत एक कोकणी आडनाव हमखास भेटते. अखिल भारतीय जी. व्ही. मावळणकर नेमबाजी स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी मोठी पात्रता स्पर्धा. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. दादासाहेबांचे सुरुवातीचे काही शिक्षण राजापुरात झाले आणि 1902 मध्ये ते अहमदाबादला गेले. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशातल्या नेमबाजीची घडी ज्यांच्या काळात बसू लागली, ते असे आपल्या शेजारच्या मातीतले.

राजापूर मागे टाकून दक्षिणेला आले की खारेपाटणपासून सिंधुदुर्ग सुरू होतो. मावळणकर स्पर्धेत शॉटगनचाही, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचाही, विभाग असतो आणि त्यात ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकडीवरचा नेम, हा सर्वांत जुना, मानाचा प्रकार. मालवण, कणकवली, सावंतवाडीची पोरे त्या विभागात उतरावीत, यासाठी आपल्याकडे काय आहे आणि काय उभे करायला हवे, याचा हा शोध. माझे मत आधीच सांगतो. बंदुकीची ओळख, मोकळी जागा आणि हलत्या लक्ष्यावर बसलेली नजर या तिन्ही गोष्टी या जिल्ह्यात आहेत. कमी आहे ती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एका मैदानाची.

बागेतली बंदूक

सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे परवाने मोठ्या संख्येने आहेत. काजू-आंब्याची राखण करणाऱ्या शेतकऱ्याकडे असते ती बहुधा ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वरून बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एक बार काढायला एवढा खटाटोप. तोवर वांदरांचा कळप माडावरून काजूवर गेलेला असतो. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि ऐन हंगामात राखण कशी करायची, हा प्रश्न दरवेळी उभा राहतो.

या बंदुकीची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. तरी चोरून पारधीला जाणे सुटले नाही, आणि रात्रीच्या अंधारात जनावर समजून माणसावरच बार निघाल्याच्या बातम्या कोकणाने वाचल्या आहेत. घरातल्या तरुणाला बंदुकीचे आकर्षण असेल तर त्याला नुसते दटावून भागत नाही. त्याच हाताला, त्याच नजरेला मान मिळेल अशी कायदेशीर जागा दाखवावी लागते. ट्रॅप ही तशी जागा आहे, कारण हा खेळ स्वतःच शिकारीतून बाहेर पडून खेळ झाला आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरण्याच्या पैजा लागत. पुढे कबुतरांच्या जागी काचेचे गोळे आले. 1880 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्हस्की यांनी मातीची चपटी तबकडी आणली आणि पाखरांची सुटका झाली. 1900 च्या पॅरिस खेळांत ट्रॅपची स्पर्धा झाली, त्याच खेळांत जिवंत कबुतरांवरही नेमबाजी झाली. त्यातले आज ऑलिम्पिकमध्ये उरले आहे ते तबकडीवरचे ट्रॅप.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

मैदानात एका ओळीत पाच जागा आखलेल्या असतात. त्यांच्या पंधरा मीटर पुढे जमिनीत खंदक, आणि खंदकात पंधरा यंत्रे, प्रत्येक जागेसमोर तीन. बारा बोअरची दुनळी बंदूक खांद्याला लावून नेमबाज आवाज देतो. तो आवाज ध्वनिग्राहकाने टिपला की तीनपैकी एक यंत्र तबकडी फेकते. कोणते, ते त्याला ठाऊक नसते. तबकडी डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की समोर, हे तिची कड दिसल्यावरच कळते.

तबकडीचा व्यास 110 मिलिमीटर, वजन सुमारे 105 ग्रॅम. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांपासून ती बनते. वाटेत फुटली नाही तर शहात्तर मीटरांवर जाऊन पडते. काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे चालतात. एका तबकडीवर दोन बार काढता येतात, पण पहिला बार अर्ध्या-पाऊण सेकंदात सुटला नाही तर दुसऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा जरी उडाला, तरी गुण मिळतो. एका फेरीत 25 तबकड्या : दहा डाव्या, दहा उजव्या, पाच सरळ. पात्रता फेरीत अशा पाच फेऱ्या, म्हणजे 125 तबकड्या.

रायफलचा नेमबाज श्वास रोखून स्थिर होतो. ट्रॅपच्या नेमबाजाला मात्र पाय रोवून कमरेतून वळावे लागते, नजर तबकडीवर ठेवून नळी तिच्या पुढे न्यावी लागते, आणि बार निघाल्यावरही हात थांबवायचा नसतो. नळीकडे पाहिले की तबकडी निसटलीच म्हणून समजा. पाण्यात मासळी पकडताना किंवा पाग फेकताना लक्ष्याच्या पुढचा अंदाज घ्यायची सवय किनाऱ्यावरच्या माणसाला लहानपणापासून असते. इथे ती कामाला येते.

राजवाड्यातून तळ्याकाठी

भारतात ट्रॅपची सुरुवात राजघराण्यांत झाली. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिम्पिक खेळले. 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवले. 1978 च्या बँकॉक आशियाई खेळांत रणधीर सिंह यांनी ट्रॅपचे सुवर्ण आणले. 2006 मध्ये मानवजित सिंह संधू जगज्जेते झाले. त्यांचे वडील गुरबीर सिंह हेही ऑलिम्पिकपटू. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन तबकड्यांच्या प्रकारात, रौप्यपदक जिंकले आणि शॉटगन हा शब्द घराघरात पोहोचला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच अथेन्समध्ये झोरावर सिंह संधू यांनी जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे कांस्य घेतले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या बरेच पुढे होते. करणी सिंह तर छप्पन्नाव्या वर्षी मॉस्को ऑलिम्पिकला उतरले होते. चाळिशी ओलांडलेल्या बागायतदाराने हे ध्यानात ठेवावे. हा खेळ वय बघून कोणाला दारातून परत पाठवत नाही.

बंदूक महाग, काडतुसे महाग, म्हणून हा श्रीमंतांचा खेळ, ही समजूत मात्र भोपाळने मोडली. मनीषा कीर ही भोपाळजवळच्या मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी. वडिलांना तलावावरच्या कामात मदत करत ती वाढली. मध्य प्रदेशच्या राज्य नेमबाजी अकादमीत तिची निवड झाली आणि 2018 मध्ये चँगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात तिने ट्रॅपचे रौप्य जिंकले. प्रीती रजक इटारसीची, कपडे धुण्या-इस्त्रीचा व्यवसाय असलेल्या घरातली. तीही त्याच अकादमीत घडली आणि पुढे लष्करात सुभेदारपदापर्यंत पोहोचली. 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई खेळांत या दोघी आणि राजेश्वरी कुमारी यांनी महिलांच्या ट्रॅपमध्ये सांघिक रौप्य मिळवले. पृथ्वीराज तोंडैमान, कायनन चेनाई आणि झोरावर यांनी पुरुषांचे सांघिक सुवर्ण घेतले. मासे पकडणाऱ्याची मुलगी मनीषा आणि राजघराण्यातली राजेश्वरी एकाच संघात उभ्या राहिल्या, कारण मैदान, बंदूक, काडतुसे आणि प्रशिक्षक एका राज्य सरकारने पुरवले. मालवणच्या दांडीवर, देवबागेत, तारकर्लीत अशा मनीषा असतील. त्यांच्या बापाने दहा लाखांची बंदूक घ्यावी, ही अपेक्षा कोणी ठेवू नये. ती संस्थेने घ्यायची असते.

घाटाच्या वर

महाराष्ट्राकडे नेमबाजीची पुण्याई थोडकी नाही. फोंडा घाट चढून गेले की राधानगरी तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी राज्याला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वप्नील घडला तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 मध्ये पालेंबंगला आशियाई सुवर्ण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता ठरला.

ही सारी नावे रायफल आणि पिस्तुलाची आहेत. ज्या प्रकारात मैदान, प्रशिक्षक आणि आधीचे विजेते एकत्र आले, त्यात मराठी मुले जगाच्या पुढे गेली. शॉटगनची ओळ मोकळी आहे, म्हणजे तिथे पहिले नाव लिहिण्याचा मान अजून कोणालाही मिळू शकतो. आणि वेळही चांगली आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ट्रॅपची मिश्र सांघिक स्पर्धा, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री मिळून, पुन्हा येते आहे.

मैदान कुठे, कसे

ट्रॅपच्या मैदानाचे तोंड उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे हवे, म्हणजे सूर्य डोळ्यांवर येत नाही. छर्रे दोनशे मीटरांच्या आसपास पडतात, म्हणून पुढे तीनशे मीटर जागा निर्मनुष्य लागते. मालवण किनाऱ्यावर वाऱ्याचाही हिशेब धरावा लागेल. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. उत्तरेला तोंड केलेल्या नेमबाजाच्या डाव्या हाताला समुद्र असेल. दुपारी डावीकडे जाणारी तबकडी वाऱ्यावर चालून जाते आणि उचलली जाते, उजवीकडची वाऱ्यासोबत जाते आणि दबते. सकाळी हाच खेळ उलटा. एका दिवसात दोन्ही वाऱ्यांचा सराव मिळणे ही मोठी शिदोरी आहे. पावसाचे चार महिने सोडले तर दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंतचा हंगाम हाताशी असतो.

जागा म्हणून कोणीही पटकन सड्याकडे बोट दाखवील. तिथे मी सावध राहायला सांगेन. कोकणचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसला तरी पावसात त्यावर रानफुलांचे ताटवे येतात आणि त्याचे पाणी खालच्या विहिरींना मिळते. शिशाचे छर्रे आणि तबकड्यांचे डांबरी तुकडे अशा जागी पडता कामा नयेत. त्यापेक्षा काम संपलेल्या चिरेखाणीची सपाट जमीन बरी. तिथली माती आधीच गेलेली असते, कापलेल्या चिऱ्याच्या उभ्या भिंती आवाज काही प्रमाणात अडवतात आणि सपाट तळावरून छर्रे गोळा करणे सोपे जाते. जांभ्या दगडाचे पाणी आम्लधर्मी, त्यात शिसे विरघळते. म्हणून पाऊस पडण्याआधी मे महिन्यात छर्रे आणि तुकडे उचलणे, पाण्याला चर काढणे आणि चुना वापरणे हे नियमात लिहूनच सुरुवात व्हावी. गोळा केलेले शिसे विकताही येते.

कायद्याची वाट

ठासणीची बंदूक ट्रॅपला चालत नाही आणि शेतीसंरक्षणाचा परवाना त्याच कामापुरता असतो, हे आधी पक्के समजून घ्यावे. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नाही. त्याआधी सराव करायचा तो नियमांप्रमाणे, जबाबदार मोठ्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. खेळाडूंसाठी शस्त्र नियमांत सवलती आहेत, पण त्या कामगिरी आणि संघटनेच्या नोंदीवर मिळतात. म्हणून पहिली पायरी एअर रायफलची. तिला दहा मीटरांची खोली पुरते, छर्ऱ्याचा खर्च कमी, आणि सावंतवाडीत अशा सरावाची सुरुवात झालेलीही आहे. स्थिर लक्ष्यावरचा नेम आणि उडत्या तबकडीवरचा नेम वेगळे हे खरे. तरी बंदूक कशी धरायची, कुठे रोखायची नाही, आज्ञा झाल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, हे संस्कार दोन्हीकडे एकच. महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या राज्य स्पर्धेत नाव लागले की पुढे मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, मग संघनिवडीची चाचणी अशी वाट मोकळी होते.

खर्चाचा अंदाजही उघड मांडला पाहिजे. एका पात्रता फेरीत नेमबाजाला अडीचशेपर्यंत काडतुसे लागू शकतात. त्यामुळे एकट्यादुकट्याने हे झेपणार नाही. एक मैदान, संस्थेच्या मालकीच्या दोन-तीन बंदुका, एक प्रशिक्षित मार्गदर्शक आणि दहा-बारा जणांचा गट एवढी सुरुवात पुरेशी आहे. जिल्हा नियोजन समितीपुढे असा प्रस्ताव ठेवता येतो. मोकळी चिरेखाण असलेली ग्रामपंचायत त्यात भागीदार होऊ शकते, आणि शेतीसंरक्षणाच्या परवानाधारकांसाठी तिथेच सुरक्षित हाताळणीचे वर्गही घेता येतील.

आज जे मोजके लोक या खेळासाठी आपल्या खर्चाने दूरच्या मैदानांवर जातात, त्यांनी गावी परतल्यावर दोन मुलांना हाताशी धरावे. बंदूक न भरता, आरशासमोर खांद्याला लावण्याचा सराव शिकवावा. भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून नळी सरळ फिरवायला लावावी. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी एअर रायफलच्या जिल्हा स्पर्धेचे वेळापत्रक फलकावर लावावे. आईबापांनी मुलीला मागे ठेवू नये, कारण मिश्र संघात अर्धी जागा तिचीच आहे. या हिवाळ्यात एका गावाने जागा दाखवली आणि एका गटाने अर्ज केला, तर मावळणकरांच्या नावाच्या शॉटगन स्पर्धेत सिंधुदुर्गचा पहिला संघ उतरवणे आपल्याच हातात आहे.