‘तुला कुणाकडे राहायचंय?’

समजा, तुम्ही संभाजीनगरला शिकताय आणि सुट्टीत नांदूरघाटला घरी आलात. परदेशातली आत्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन कायमची माहेरी आलीय. तिकडे तिच्या नवऱ्याने कोर्टात धाव घेतलीय. येणारा-जाणारा पोराला विचारतो, ‘काय रे, आई पाहिजे का बाबा?’ अशा वेळी त्या पोराला सगळ्यात जवळचे वाटता तुम्ही, त्याचे ताई-दादा. म्हणूनच हा कायदा तुम्हाला माहीत हवा.

एका पालकाने मुलाला परस्पर दुसऱ्या देशात नेलं, तर त्याला परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. तो १६ वर्षांखालच्या मुलांना लागू होतो. मूल पुरेसं जाणतं असेल आणि परत जायला त्याचाच विरोध असेल, तर कोर्ट त्याला पाठवायला नकार देऊ शकतं. पण विरोध म्हणजे नुसतं ‘आई जास्त आवडते’ एवढंच नव्हे. तिकडे का जायचं नाही, हे महत्त्वाचं.

भारत या करारात नाही. आपली कोर्टं मुलाचं हित आधी बघतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल, तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. त्यासाठी ठरावीक वय मात्र कायद्यात नाही.

१९८६ मध्ये पुण्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अमेरिकेतल्या कोर्टाने ताबा आईला दिला होता. शनिवार-रविवारच्या भेटीसाठी नेलेल्या मुलाला घेऊन वडिलांनी गुपचूप पुणं गाठलं. न्यायमूर्ती त्या मुलाशी आपल्या दालनात दोनदा बोलले. स्वतःचं मत बनवण्याइतका तो मोठा नाही, असं त्यांना दिसलं. मुलगा आईकडे गेला.

म्हणजे मुलाला विचारणं वेगळं आणि निर्णय त्याच्यावर ढकलणं वेगळं. मूल पढवलेलं आहे का, हेही कोर्ट बघतं. त्यामुळे आत्यावर कितीही माया असली, तरी ‘साहेबांना असं सांग’ हे त्याच्या कानात घालू नका. बाकीच्यांनाही थांबवा. त्याला एवढंच सांगा, ‘मनात असेल ते खरं बोल. ठरवायचं काम मोठ्यांचं आहे.’