मातीतली मोटारसायकल डांबरावर येते तेव्हा

मोटारसायकलच्या टायरवर १२०/९०-१८ असे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे, ते दुसरा सांगतो आणि तिसरा असतो आतल्या रिमचा इंचातला व्यास. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. टायरची उंची १०८ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची. संपूर्ण चाक झालं ६७३ मिमीचं.

हे आकडे सुझुकीच्या डीआर-झेड ४०० एस या गाडीच्या मागच्या चाकाचे. २००० साली आलेली ही गाडी मुख्यतः माती-दगडांतून चालवायची. तिचंच डांबरी रस्त्यासाठीचं रूप, एसएम, २००५ मध्ये आलं. इंजिन तेच, चाकं मात्र दोन्ही १७ इंची. अशा गाड्यांना सुपरमोटो म्हणतात. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला अर्धवट डांबरी, अर्धवट मातीच्या मार्गावर शर्यत झाली, तिथून हा प्रकार सुरू झाला आणि पुढे युरोपात रुजला.

एसएमचं मागचं टायर १४०/७०-१७, म्हणजे चाक ६२८ मिमीचं. एका फेऱ्यात ते कमी अंतर कापणार, तेव्हा त्याच वेगाला इंजिन जास्त पळवावं लागणार. मग चेनच्या मागच्या चक्राचे दाते मोजा: एसला ४४, एसएमला ४१. आता ६२८ ला ६७३ ने आणि ४१ ला ४४ ने भागून पाहा. दोन्ही उत्तरं ०.९३!

पण मुळात टायर बदलायचंच कशाला? 'घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं' असं आपण शिकवतो. लाकडाच्या ठोकळ्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं, रबराला नाही. मऊ रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरतं. पण भार दुप्पट केला तरी खरा स्पर्श दुप्पट होत नाही. म्हणून तोच भार जास्त रबरावर पसरला की पकड वाढते. मातीच्या टायरचे उंच ठोकळे जमिनीत रुततात, डांबरावर मात्र मोजकेच टेकतात आणि वळणावर खोडरबरासारखे वाकतात.

पकड वाढली की ब्रेकही जोरदार हवा. मातीत चाक लवकर घसरतं, त्यामुळे लहान तबकडी पुरते. एसएमला पुढे बरीच मोठी दिली आहे. हँडलचं वागणंही बदलतं. हँडलचा कललेला अक्ष खाली वाढवला तर तो टायर टेकतं त्याच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या अंतरामुळे चाक आपोआप सरळ होतं. पुढचं चाक ६९३ वरून ६०० मिमी झालं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर हे अंतर सुमारे दोन सेंटिमीटरने घटतं. गाडी चटकन वळते, पण वेगात कमी स्थिर राहते. नुसती चाकं बदलणाऱ्यांना याचाच धोका असतो. (आपल्याकडे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, हे वर्गातल्या उत्साही मंडळींना आधीच सांगावं.)

एक प्रश्न मुलांसाठी. वेगमापक पुढच्या चाकाचे फेरे मोजतो. चाक बदललं, पण वेगमापक जुनाच ठेवला. काटा ६० वर असताना गाडीचा खरा वेग किती?