न सुटलेली शिफ्ट

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात दिवस शिफ्टने मोजला जातो. पहिली सुटते, दुसरी लागते, तिसरीचा माणूस उजाडता येऊन झोपतो. या सर्वांचे डबे भरणाऱ्या गृहिणीची शिफ्ट कधी सुटते, हे विचारण्याची वेळ महामारीने आपल्यावर आणली होती. ती आपण दवडली, असे मला वाटते.

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कारखाने थांबले, शाळा मोबाईलवर आल्या, हिंजवडीची कार्यालये जेवणाच्या टेबलावर मांडली गेली. अनेक सोसायट्यांनी घरकामाच्या मावशींना फाटकाबाहेरच थांबवले. जुलैत काहीसे सैल होते न होते तोच १४ ते २३ तारखेपर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी झाली. घर भरलेले आहे, मग तिला कसला त्रास, असे वरवर पाहणाऱ्यास वाटे. खरे तर मंडळी बाहेर पडल्यानंतरचे दोन-अडीच तास, हाच तिचा विसावा होता. तोच गेला.

आपल्या घरांतील उकळलेले पाणी, चौविहार, पर्वतिथीचा वेगळा स्वयंपाक हे सारे पूर्वीही होतेच. पण आता एकाची मीटिंग संपत नसे, दुसऱ्याचा तास संपत नसे आणि सूर्य कोणासाठी थांबत नसे. त्यात मंदिरे आणि स्थानके १६ नोव्हेंबर २०२०पर्यंत बंद राहिली. ‘दर्शन करून येते’ हे वाक्य कित्येकींना भक्तीइतकेच चार मैत्रिणींशी बोलण्याचेही निमित्त होते, हे सांगण्यात धर्माचा काही अवमान नाही. त्या वर्षी अधिक मासामुळे चातुर्मासही पाच महिन्यांचा होता. प्रवचन मोबाईलवर येई आणि ती ते तव्यासमोर ऐके.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे. मात्र ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरतीच वापरावी, असेही तिथे नमूद आहे. म्हणजे चाकणच्या कामगाराला जो थकवा लागू होतो, तो त्याच्या पत्नीला कागदोपत्री लागू होत नाही. केंद्राच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, असे काम करणारे पुरुष ९७. तेही महामारीपूर्वी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात २२,३७२ गृहिणींनी आत्महत्या केली. आदल्या वर्षीही हा आकडा एकवीस हजारांच्या वर होता. तेव्हा सारा दोष विषाणूच्या माथी मारता येत नाही.

समारंभांत तिला अन्नपूर्णा म्हणण्याची आपल्याला सवय आहे. अन्नपूर्णेला रजा मागता येत नाही, हीच त्यातली अडचण. ती चिडते तेव्हा ‘स्वभाव बदलला’ म्हणतात, गप्प होते तेव्हा ‘समजूतदार झाली’. झोप उडणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, लहानसहान कारणाने रडू येणे हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. आणि ‘मी नसलेली बरी’ असे ती एकदा जरी म्हणाली, तरी तो त्रागा समजू नये, त्याच दिवशी तिला घेऊन निघावे.

कारखान्यात बदलीचा माणूस आल्याशिवाय मशिन सोडता येत नाही. म्हणून तो वेळेवर येतो. घरात तो नेमावा लागेल. ‘मदत करू का?’ असे विचारल्याने भागत नाही, कारण मग काय करायचे हे सांगण्याचे कामही तिच्याकडेच राहते. रात्रीचे पाणी उकळणे आणि भांडी एखाद्याने कायमची अंगावर घेतली, तरी फरक पडतो. अर्थात त्यानंतर कशी केली याची तपासणी तिनेही करू नये!

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवाही चोवीस तास सुरू आहे. क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येते. दोन खोल्यांच्या घरात असा फोन करायला तिला एक बंद दार आणि अर्धा तास लागेल. तेवढा वेळ इतरांनी मुलांना घेऊन खाली जावे.